उंदराने कुरतडलेली गाडीची वायर: आधी शोधा, मग जोडा

चवथीचे पाच दिवस आमची गाडी मांगरातून (शेडमधून) बाहेर निघाली नव्हती. सहाव्या दिवशी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले, पण हिवताप आल्यासारखे थडथडत. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा. बॉनेट उघडले तर इंजिनवर नारळाच्या सोडणाचा भुसा घरट्यासारखा रचलेला, त्यात अर्धी कुरतडलेली सुपारी आणि बेदाण्याएवढ्या काळ्या लेंड्या. गोव्यात सावईवेऱ्याला कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागेला, लागून घर असले की हुंदीर आज ना उद्या गाडीत शिरतोच.

इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरला जाणारी एक तार तुटलेली दिसली. दोन्ही टोके सोलली, पीळ मारला, वर काळी टेप गुंडाळली. दहा मिनिटांत गाडी सुरळीत. दिवाळीपर्यंत मी हे कौतुकाने सगळ्यांना सांगत होतो. पुढच्या जूनमध्ये, पहिल्याच जोराच्या पावसात, बोरीच्या पुलावर गाडी बंद पडली. टेप सोडवली तर आत तांबे कुठले, हिरवी पूड. आणि त्याच गुच्छात चार बोटे खाली आणखी दोन तारा कुरतडलेल्या. नऊ महिने त्या तशाच होत्या आणि मी पाहिल्याच नव्हत्या.

आमच्या वाड्यावरच्या वायरमनकाकांनी ते पाहिले आणि एवढेच म्हणाले, "पयलीं सोद, मागीर जोड." तेव्हापासून माझ्या आणि शेजारपाजारच्या मिळून बऱ्याच गाड्यांच्या तारा जोडून झाल्या. पहिल्यांदाच हे करणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून सगळे क्रमाने लिहितो.

कशाला हात लावायचा नाही

गाडी वॉरंटीत असेल तर तार स्वतः कापू नका, सर्व्हिस सेंटरला न्या. वॉरंटी संपली असली तरी काही ठिकाणे नवशिक्याची नाहीत. पिवळे आवरण किंवा पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, ते सोडून द्यायचे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतली जाड नारिंगी केबल शेकडो व्होल्टची असते. तिच्यावर दात दिसले तर बॉनेट बंद करून कंपनीला फोन करायचा. एबीएसच्या चाकाजवळच्या सेन्सरची तार कुरतडली असेल तर जोड मारण्यापेक्षा तारेसकट सेन्सर बदललेला बरा. तिथे तार सतत हलते, चिखल-पाणी उडते आणि प्रश्न ब्रेकचा असतो.

पेट्रोलचा वास येत असेल तर किल्लीच फिरवू नका. उंदीर रबरी नळ्याही कुरतडतात, आणि वायरच्या नादात इंधनाच्या नळीचे भोक नजरेतून सुटते. गाडी ओढून न्यायची, दुसरा मार्ग नाही.

विम्याचेही आधीच बघा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे काही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर काहीही कापण्याआधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअर येऊन जाऊ द्या. दुरुस्ती उरकून मग कळवले तर भांडायला जागा उरत नाही. पण दोन-तीन तारांसाठी क्लेम करू नये असे माझे मत. नो क्लेम बोनस पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत जाऊन पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोचतो आणि एका क्लेमने तो जातो. अख्खा हार्नेस, म्हणजे तारांचा सगळा गुच्छ, बदलायची वेळ आली असेल तर गोष्ट वेगळी.

आधी सफाई

आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) रुग्ण निघतात आणि लेप्टोचे जंतू उंदराच्या मुतातून पसरतात. म्हणून रबरी हातमोजे आणि मास्क हवाच, हाताला जखम असेल तर आणखी जपून. घरटे कोरडे झाडायचे नाही, धूळ उडून नाकात जाते. जंतुनाशकाचे पाणी फवारा, पाच मिनिटे भिजू द्या, मग ओल्या फडक्याने उचला. कनेक्टरांवर पाणी मारू नका, तिथे नुसते पुसा. सोडणाचा किंवा सुक्या पानांचा भुसा एक्झॉस्टजवळ उरला तर गाडी तापल्यावर पेट घेऊ शकतो, तेव्हा मागच्या कोपऱ्यापर्यंत काढा. आणि हात घालण्याआधी टॉर्च मारून बघा. उंदीर जिथे येतो तिथे त्याच्यामागे धामणही येते. बिचारी काही करत नाही, पण आत आहे ती धामणच हे काळोखात कोण सांगणार?

आता बॅटरी. पण ती काढण्याआधी एक काम उरकून घ्या, कारण बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांतले फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे आकडे, पुसले जातात. स्टीअरिंगखाली ओबीडीचे सॉकेट असते. त्यात स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावला तरी मोबाइलवर कोड दिसतात. ते वहीत उतरवा. पी०२०१ ते पी०२०४ हे चार इंजेक्टरांच्या सर्किटचे, पी०३५१ पासून पुढचे इग्निशन कॉइलचे. पी०११८ म्हणजे कूलंटच्या तापमान सेन्सरचे सर्किट बहुधा उघडे पडले आहे. अशा वेळी स्कॅनरवर कूलंट उणे ४० अंश दिसतो, तोही गोव्यात, आणि रेडिएटरचा पंखा थांबायचे नाव घेत नाही. कोडमुळे तुटलेली जागा कळत नाही. कुठल्या रस्त्यावर शोधायचे तेवढे कळते, आणि सुरुवातीला तेवढे पुरते.

मग १० नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह काढायची. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधी निघालेली असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. काढल्यावर दहा मिनिटे थांबा.

शोध

तुटलेली तार दिसल्यावर हात शिवशिवतात, पण थांबायचे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवायला तो काहीतरी कुरतडत असतो, आणि त्यात भूक भागवण्याचा भाग थोडाच असतो. त्यामुळे एका जागी बसला की तोंडासमोर येईल ते सगळे थोडे-थोडे चावून बघतो. एक तार पूर्ण तुटते, तिच्या शेजारच्या तिघींचे नुसते प्लास्टिक सोललेले असते. आज गाडी चालते ती त्या तिघींच्या जिवावर. पाऊस आला की त्याच तुम्हाला रस्त्यावर उभे करतात.

दाताची खूण एकदा पाहिली की विसरत नाही. दोन बारीक समांतर ओरखडे, प्लास्टिक खवल्यासारखे उचललेले, तुटले असेल तिथे तिरका काप. घासून फाटलेली तार गुळगुळीत आणि मळकट असते, उष्णतेने गेलेली कडक आणि तडकलेली. हा फरक ओळखता आला पाहिजे. घासलेल्या तारेला नुसता जोड देऊन उपयोग नसतो, तिला घासणारी धार दूर करावी लागते.

बघायच्या जागा: इंजेक्टर आणि कॉइलवरून जाणारा गुच्छ, कारण तिथे ऊब असते आणि बसायला सपाट जागा मिळते. बॅटरीच्या ट्रेखाली. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या भिंतीलगत, जिथे हात जेमतेम शिरतो. फ्यूज बॉक्सच्या तळाशी. हेडलाइटच्या मागे. काच धुणाऱ्या पाण्याची नळी आणि व्हॅक्यूमच्या नळ्या. शेवटी ग्लोव्ह बॉक्समागचा एसीचा फिल्टर. तो फाडलेला निघाला तर उंदीर केबिनमध्येही येऊन गेला असे समजा आणि सीटखालचे गालिचे उचला.

डोळ्यांवर विसंबू नका. गुच्छ दोन बोटांत धरून सावकाश सरकवत न्या, कापलेले प्लास्टिक बोटाला खरखरते. मागची बाजू दिसत नाही तिथे मोबाइल खाली धरून व्हिडिओ काढा. माझ्या त्या दोन तारा अशाच मागच्या बाजूला होत्या. छोटा आरसा मोबाइलपेक्षा बरा, आईच्या पावडरच्या डबीतला चालतो, पण विचारून घ्या.

सापडलेल्या प्रत्येक जागेला कागदी टेपचा तुकडा लावा, वर नंबर घाला. फोटो काढा. रंग लिहा, आणि नुसते "निळी" असे नको, "निळी, वर पिवळी रेघ". एकाच रंगाच्या दोन तारा एका गुच्छात असू शकतात. दोन्ही तुटल्या असतील तर अंदाजाने जोडू नका. कनेक्टरच्या पिनपासून मल्टिमीटर लावून कोण कुठे जाते ते ठरवा.

मल्टिमीटरची एक फसवणूक इथेच सांगतो. मीटरच्या दोन सळ्या तारेच्या दोन टोकांना लावल्या आणि बझर वाजला म्हणजे तार ठीक, असे नवशिका धरून चालतो. तारेत तांब्याचे बारीक पंधरा-वीस केस असतात. उंदराने बाकीचे तोडून एकच केस ठेवला तरी बझर वाजतो. पण ५५ वॉटच्या हेडलाइटला साडेचार अँपिअरहून जास्त करंट लागतो, तो त्या एका केसातून जाताना दिवा मिणमिणतो आणि केस तापतो. म्हणून जाड तारांची परीक्षा बल्ब लावून करायची.

दोन तारा एकमेकींना पीळ घालून जाताना दिसल्या तर बहुतेक वेळा ती कॅन लाइन असते, गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या बोलण्याची. बॅटरी काढलेली असताना ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ६० ओहमच्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एका बाजूला लाइन तुटली आहे, शून्याजवळ आले तर दोघी एकमेकींना चिकटल्या आहेत. या तारा जोडायच्या झाल्या तर पीळ मोडायचा नाही. जोडापुरता उघडायचा आणि लगेच परत घालायचा.

या शोधाला मला दोन-तीन तास लागतात. जोडायला अर्धा.

सामान

तार गाडीचीच घ्या. ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात चौरस मिलिमीटरच्या मापाने मिळते. सेन्सरांना साधारण ०.५, दिव्यांना ०.७५ ते १.५, आणि मोटर किंवा पंख्याला त्याहून जाड. मोजायचे ते आतले तांबे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या तारा आतून निम्म्या निघतात. घराच्या वायरिंगमधली उरलेली तार वापरू नका. साध्या घरगुती पीव्हीसी तारेचे आवरण ७० अंशांपर्यंतचे असते, इंजिनजवळ १०५ अंशांचे लागते. शंका असली तर एक माप जाड घ्या, बारीक कधीच नाही.

बाकीचे: वायर स्ट्रिपर, चांगली क्रिंपिंग पक्कड, क्रिंपचे जोड (पक्कडीने दाबून तार पकडणाऱ्या छोट्या नळ्या), गरम केल्यावर आवळणारी, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, हीटगन, कापडी हार्नेस टेप, चिरलेला कॉरुगेटेड (वळ्यावळ्यांचा) पाइप. गोंदवाल्या हीट श्रिंकवर पैसे वाचवू नका. साधी श्रिंक तारेवर आवळते, पण पाणी अडवत नाही. सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि वर खारी हवा असलेल्या राज्यात तो फरक एका पावसाळ्यात कळतो.

जोड

तुटलेले टोक आधी मागे कापा. तांबे लाल चकचकीत दिसेपर्यंत कापत जा. काळे किंवा हिरवे दिसले तर अजून मागे. ओल केसांमधून प्लास्टिकच्या आत चढत जाते आणि वरून तार चांगली दिसते. एकदा मला सहा इंच मागे जावे लागले होते.

एवढे कापल्यावर तार आखूड पडते. इथे बहुतेकजण ओढून-ताणून जोडतात आणि फसतात. इंजिन हलते, ताणलेला जोड सुटतो. नवा तुकडा मध्ये घाला, दोन जोड करा, थोडी ढिलाई ठेवा.

हीट श्रिंकची नळी तारेवर आधी सरकवा. हे वाचून तुम्ही मान डोलवाल आणि तरी पहिल्या जोडाला विसराल. सगळे विसरतात. पूर्ण झालेला जोड तोडून परत करायला लागला की पुढे लक्षात राहते. आणि गरम करेपर्यंत ती जोडापासून लांब ठेवा.

आता सहा ते आठ मिलिमीटर सोला. स्ट्रिपरच्या चुकीच्या खाचेत धरली तर चार केस कापले जातात, तसे झाले तर तेवढे टोक कापून परत सोला. क्रिंपच्या जोडांचे रंग ठरलेले आहेत: लाल ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरसाठी, निळा १.५ ते २.५ साठी, पिवळा ४ ते ६ साठी. ०.५ पेक्षा बारीक तार लाल जोडात सैल बसते, ती दुमडून दुहेरी करून घाला. दोन्ही टोके मध्यापर्यंत गेली की पक्कड पूर्ण दाबा. मग ओढून बघा, घाबरत घाबरत नको, चांगली ओढा. सुटायची असेल तर आत्ता सुटू दे.

क्रिंप की सोल्डर यावर दोन वायरमन एकत्र आले की वाद ठरलेला. काका सोल्डरवाले. मी इंजिनजवळ क्रिंप करतो, कारण सोल्डर तारेत मुरून ती कडक होते आणि मऊ-कडकच्या सीमेवर कंपनाने तुटते. डॅशबोर्डखाली, जिथे हलणे कमी, तिथे सोल्डर छान. सोल्डर करणार असाल तर रोझिनवाली सोल्डरची तार घ्या. ॲसिडची पेस्ट गाडीत नको, ती पुढे तांबे खात राहते. ऑक्सिजन सेन्सरच्या तारेला मात्र सोल्डर करू नका, फक्त क्रिंप.

हीट श्रिंक आता जोडावर मधोमध आणा. हीटगन फिरती ठेवा, मधून कडांकडे. नळी आवळते आणि मग दोन्ही टोकांना गोंदाचा पारदर्शक थेंब बाहेर डोकावतो. तो थेंब दोन्हीकडे दिसला म्हणजे पाण्याला वाट बंद. एका बाजूला दिसला नाही तर अजून गरम करा. हीटगन नसेल तर लायटर चालतो, पण ज्योत लागू न देता, आणि इंधनाच्या नळ्यांपासून दूर.

तीन-चार तारा शेजारी तुटल्या असतील तर सगळे जोड एका रेषेत आणू नका. तिथे अजगराने बेडूक गिळल्यासारखा गाठोडा होतो आणि आवरणात बसत नाही. प्रत्येक जोड दीड-दोन इंच पुढे-मागे ठेवा. नुसते प्लास्टिक सोललेल्या, पण सगळे केस शाबूत आणि चकचकीत असलेल्या तारेला कापायची गरज नाही. कनेक्टरची पिन काढता येत असेल तर तिथून श्रिंक सरकवा, नाहीतर स्वतःलाच चिकटणारी सेल्फ फ्यूजिंग रबर टेप ताणून गुंडाळा.

सगळ्यावर कापडी टेप, मग कॉरुगेटेड पाइप, पाइपची चीर खालच्या बाजूला, म्हणजे पाणी साचत नाही. काळी पीव्हीसी टेप इंजिनच्या उष्णतेने पाघळते, चिकट होते आणि वर्षभरात सुटते. पूर्वीच्या क्लिपा जिथे होत्या तिथेच गुच्छ परत बसवा. लोंबता ठेवला तर बेल्टला किंवा एक्झॉस्टला लागतो.

किल्ली फिरवण्याआधी

फ्यूज तपासा. उडालेला असेल तर त्याच आकड्याचा घाला: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. "जरा मोठा घाल, परत उडणार नाही" असा सल्ला एका गॅरेजमध्ये मला मिळाला होता. फ्यूज उडत नाही मग, तार जळते.

बॅटरी लावून किल्ली फक्त ऑनवर आणा. दिवे, वायपर, पंखा, काचा, हॉर्न एकेक करून बघा. धूर किंवा जळका वास आला तर निगेटिव्ह लगेच काढा. मग इंजिन. बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान आले तर चार्जिंग ठीक. इंजिन चालू असताना, बेल्ट आणि पंख्यापासून हात दूर ठेवून, जोडलेला गुच्छ हलवून बघा. इंजिनचा आवाज बदलला तर तिथला जोड कच्चा आहे. जाड तारेच्या जोडाच्या दोन्ही बाजूंना, दिवा चालू ठेवून, मीटर लावला तर ०.१ व्होल्टपेक्षा कमी फरक दिसला पाहिजे. शेवटी कोड पुसा, वीस-तीस किलोमीटर फिरून या, परत स्कॅन करा.

परत येऊ नये म्हणून

पावसात शेतातली बिळे भरतात आणि उंदीर कोरड्या, उबदार जागा शोधत वर येतात. त्यामुळे उपाय जूनच्या आधी करायचे. वासाच्या वस्तूंवर माझा फारसा विश्वास नाही. तंबाखूची पाने चार दिवस काम करतात, डांबराच्या गोळ्यांचा वास एसीतून आपल्याच नाकात येतो. विष घातले तर उंदीर एसीच्या ब्लोअरमध्ये जाऊन मरतो, तो वास मी अनुभवला आहे, तुम्ही अनुभवू नका. तार सोयाबीनच्या तेलापासून बनवतात म्हणून उंदीर खातात असे बरेचजण सांगतात, पण जुन्या पीव्हीसीच्या तारा तरी त्यांनी कुठे सोडल्या? होंडाने तिखटाचा अर्क लावलेली टेप काढली आहे, कल्पना चांगली, मी वापरलेली नाही. गाडी रोज हलवणे आणि रात्री बॉनेट उघडे ठेवणे, एवढ्याने मला सगळ्यात जास्त फरक पडला. एसीच्या हवेच्या तोंडावर स्टीलची बारीक जाळी बसवा.

आणि उंदीर कुठून चढतो ते शोधायचे असेल तर रात्री चाकांभोवती रांगोळीचा पातळ थर टाका. पीठ नको, ते खायला चार जास्त येतील. सकाळी पावले दिसतात. आमच्याकडे ती नेहमी मागच्या डाव्या चाकाजवळ निघायची, जिथे भिंतीला टेकून सुपारीची पोती ठेवलेली असत. पोती आता माडीवर गेली आहेत, पिंजरा त्या चाकाशी लागतो.